पूररेषेवरचा व्यापार

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडत नाही. आणि केंद्र सरकारच्या 'स्मार्ट सिटी' यादीत तर खुद्द कोल्हापूरचेही नाव नव्हते. २०१५ मध्ये आरंभ झालेल्या त्या योजनेत महाराष्ट्रातील आठ शहरे निवडली गेली. पश्चिम महाराष्ट्रातून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि सोलापूर यांना स्थान मिळाले. मात्र यादीत नाव नसल्याने शहर वाढण्याचे थांबत नाही. गांधीनगरची कापडपेठ, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि उजळाईवाडीचा विमानतळ यांच्या परिसरात वसलेल्या या गावाला शहराचे सारे व्याप लाभले आहेत. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच आहे. कोल्हापूरलगतच्या ४२ गावांच्या नियोजनासाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. ओढे बुजण्याचा आणि शेतजमिनींवर प्लॉट पडण्याचा वेग पाहता ते उशिराच झाले, असे म्हणावे लागते.

संकटातून उभे राहणे या परिसराला नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ती रिकामी झाल्यावर फाळणीत सर्वस्व गमावलेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि त्यांच्या हातून गांधीनगरची घाऊक पेठ उभी राहिली.

आज प्रश्न आहे तो पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्याजवळ तिची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूटही ओलांडले गेले. दोन वर्षांत दोनदा असे घडल्यावर 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर विसंबणे कठीण आहे. शासकीय नकाशावर निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित समजला जातो. गोदामासाठी जागा घेताना सात-बारा आणि बिगरशेती आदेश बारकाईने तपासणारे व्यापारी हा नकाशा मात्र क्वचितच मागतात.

ज्याच्या गोदामात थेंबभरही पाणी शिरले नाही, त्यालाही महापूर चुकत नाही. दोन्ही वेळी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रे बुडाल्याने भर पावसात नळ कोरडे पडले. माल कोरडा, पण गिऱ्हाईक येऊ शकत नाही आणि ट्रक निघू शकत नाही. कॅश क्रेडिटचे व्याज मात्र दररोज चढत राहते. रस्त्याचा भराव पाण्याला अडवतो, म्हणून तेथे खांबांवरील पूल हवा, ही मागणी याच अनुभवातून पुढे आली. त्यात व्यापाऱ्यांचा आवाज अधिक ठळक असायला हवा होता.

पूल बांधणे शासनाच्या हाती आहे, विमा व्यापाऱ्याच्या. पूर्वीच्या प्रमाणित आगविम्यातून वादळ-पुराचे संरक्षण वगळून हप्त्यात थोडी सूट घेता येत असे. काहीशे रुपयांच्या त्या बचतीची खरी किंमत पुरानंतरच कळते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आली आणि तिच्या मूळ संरक्षणातच पुराचा समावेश आहे. तरीही कमी रकमेचा विमा उतरवण्याची सवय गेलेली नाही. गोदामात ५० लाखांचा माल आहे, विमा ३० लाखांचा आहे आणि २० लाखांचा माल भिजला, असे समजा. ३० लाखांचा विमा आहे म्हणून २० लाख पूर्ण मिळतील, ही समजूत चुकीची आहे. सरासरीच्या कलमानुसार हिशेब ३०:५० या प्रमाणात होतो आणि हाती १२ लाख येतात. नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते. येथे ती ४० टक्के आहे.

दुसरी गफलत पत्त्याची होते. पेढी गांधीनगरात, पॉलिसीवर पत्ता पेढीचा आणि जागा अपुरी पडल्याने माल मुडशिंगीच्या भाड्याच्या गोदामात! पॉलिसीत न नोंदलेल्या ठिकाणच्या मालाचा दावा टिकणे अवघड. बँकेला दरमहा जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही त्या गोदामाचा उल्लेख हवा, कारण सर्वेक्षक आधी तेच कागद मागतो.

आणि वेळेचा हिशेब वेगळाच असतो. अनेकांचे नूतनीकरण मार्च-एप्रिलमध्ये होते, तेव्हा गोदाम निम्मे रिकामे असते. गणपती-दिवाळीचा माल भरला जातो तो आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमका नदी फुगण्याच्या काळात. म्हणून विम्याची रक्कम ठरवताना वर्षातील सर्वाधिक साठा धरावा. किंवा साठ्यात मोठा चढउतार असणाऱ्यांनी डिक्लरेशन पॉलिसीची चौकशी करावी. मे महिन्यात एक पत्र देऊन रक्कम वाढवून घेता येते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीला टेकल्यावर तेच पत्र घेऊन जाणाऱ्याला विमा कंपनीकडून होकार मिळण्याची शक्यता फारच थोडी.