रसग्रहणाचे चार गुण आणि पाठ केलेले उत्तर

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेचा आराखडा ठरवणाऱ्या मान्यवरांस,



रसग्रहणाच्या प्रश्नाबद्दल आम्ही मराठीचे शिक्षक प्रशिक्षणात बोललो, लेखी निवेदने दिली, पोच घेतली. उत्तर आले नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, २०१८ साली कुमारभारतीचे नवे पुस्तक आले आणि घोकंपट्टी संपेल असे आम्हाला सांगण्यात आले. गद्यात थोडेफार तसे झालेही. १८ गुणांच्या गद्य विभागात ४ गुणांचा अपठित उतारा असतो. तिथे मुलाला स्वतः वाचल्याशिवाय गत्यंतर नसते. पद्य विभाग १६ गुणांचा. त्यात अपठित कवितेला शून्य. रसग्रहणाला ४ गुण आहेत, पण ओळी पुस्तकातल्याच. त्या ओळींची उत्तरे गाईडमध्ये तयार मिळतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तीन परिच्छेद. क्लासमध्ये ती लिहून देतात, मुले पाठ करतात, आणि पेपर तपासताना आम्ही तेच तीन परिच्छेद गठ्ठ्यामागून गठ्ठे वाचतो.

‘कवीने साध्या, सोप्या भाषेत आशय प्रभावीपणे मांडला आहे.’ हे वाक्य नामदेवांच्या अभंगाखाली असते, इंदिरा संतांच्या ‘औक्षण’खाली असते, ज. वि. पवारांनी बाबासाहेबांवर लिहिलेल्या कवितेखाली असते, आणि मोरोपंतांच्या भरतवाक्याखालीही असते. नामदेव तेराव्या शतकात जन्मले, मोरोपंत अठराव्यात, इंदिराबाई विसाव्यात. मोरोपंतांच्या केकावलीतले पृथ्वी वृत्त आणि आजचा मुक्तछंद यांचे वर्णन एकाच वाक्याने होते आणि त्याला गुणही मिळतात. याला तुम्ही कवितेची परीक्षा म्हणता?

वर्गात असे नसते, हे तुम्हाला माहीत असायला हवे. धामणस्करांची ‘वस्तू’ शिकवत होते. निर्जीव वस्तूंनाही मन असल्यासारखे वागवावे, असे ती कविता सांगते. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या आजीचं शिलाई मशीन बंद पडलंय, तरी आई दर दिवाळीला त्याला तेल घालते. कुणी विचारलं तर म्हणते, गंजायला नको. पण ते चालणार नाही, हे तिलाही माहितीये.” रसग्रहण म्हणजे याहून वेगळे काय असते? आशय तिला कळला होता, आणि तो तिने स्वतःच्या घरात ओळखला होता. सराव परीक्षेत त्याच कवितेवर तिने गाईडमधले तीन परिच्छेद उतरवले. मशीनचा उल्लेखही नाही. विचारले तर म्हणाली, “ते लिहिलं तर मार्क जातील ना?” तिची भीती मला खोटी ठरवता आली नाही, कारण आमच्या हातातली नमुना उत्तरेही त्याच साच्यातली असतात.

बदल अवघड असतो, हे कारण देऊ नका. २०१९ साली भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण काढले गेले, दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्याच वर्षी ते अंतर्गत २० गुण परत आले. निकाल घसरला की वर्षभरात आराखडा बदलतो. मुलांचे कविता वाचणे थांबले त्याची टक्केवारी कुठे छापून येत नाही, म्हणून ते कुणालाच टोचत नाही.

मागणी एकच आहे. रसग्रहणाचे ते ४ गुण अपठित कवितेला द्या. आठ-दहा ओळींची, मुलांना झेपेल अशी मराठी कविता छापा. कवीचे नाव आणि शब्दार्थ विचारणारे प्रश्न पुस्तकातल्या कवितांवर राहू द्यात, त्याला आमची हरकत नाही. नमुना उत्तरात मात्र स्पष्ट लिहा की ओळीतला नेमका शब्द दाखवून मुलाने स्वतःचे म्हणणे मांडले, तर तिन्ही मथळे नसले तरी पूर्ण गुण द्यावेत. सुरुवातीला मुले अडखळतील, काहींचे गुण कमी होतील. वर्षभर अनोळखी कविता वाचून घेतल्या तर ती सावरतील, आणि ते काम करायला आम्ही तयार आहोत.

निर्णय जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी जाहीर करा. दिवाळीनंतर आलेले परिपत्रक आम्हाला उपयोगाचे नाही. तोवर मुलांची गाईडे पाठ झालेली असतात.

आपली,
दहावीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका