देणे आणि देणगी

दिवाळीतला पाडवा ज्या कथेवर उभा आहे ती मुळात जमिनीची कथा आहे. मागणाऱ्याने तीन पावले जमीन मागितली, बळीने दिली आणि देता देता तो स्वतःच पाताळात गेला. मराठी मनाने या कथेत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जवळ केले. शेतकऱ्याला आपण आजही बळीराजा म्हणतो. नवी मुंबईत राहणाऱ्याला ही कथा नुसती पुराणातली वाटू नये. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. ज्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाडीकाठच्या खारजमिनीवर आगरी-कोळी कुटुंबे जगत होती, तिथेच आपले सेक्टर आणि आपली स्टेशने उभी आहेत. शाश्वत विकास आणि परोपकार या दोन्ही गोष्टींचा विचार यंदा याच पायाखालच्या जमिनीपासून सुरू करावासा वाटतो.

मराठीत ‘देणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हातातले दुसऱ्याला देण्याचा, दुसरा कर्जाचा. देणगीचा आकार देणारा ठरवतो. मन झाले तर देतो, नाही तर नाही. अंगावरचे देणे मात्र घेतल्या क्षणापासून सुरू होते आणि किती फेडायचे हे किती घेतले त्यावर ठरते. आपल्या परंपरेने माणसाचे जगणे या दुसऱ्या अर्थाने मांडले आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो असे तिने मानले, आणि गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत दारी आलेल्या माणसाचा आणि मुक्या जिवांचाही वाटा काढून ठेवला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर मिळालेले परत न करता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. शाश्वत विकासाची जगभर रूढ झालेली व्याख्या 1987 सालच्या ब्रंटलंड आयोगाच्या अहवालातली: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे. व्याख्या चांगली आहे, पण गरज हा शब्द फार ताणला जातो. आपली गरज किती हे ज्याचे तोच ठरवतो. ऋणाला धनको असतो. त्याला नाव असते, गाव असते, कधी ती एखादी नदी असते. अध्यात्माने विकासाच्या चर्चेत काही भर घालायची असेल तर ती हीच, की आपण उदार दाते आहोत हा समज काढून घ्यावा आणि आपल्याला देणेकऱ्यांच्या रांगेत उभे करावे.

हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारा माणूस आपल्याच रायगडातला. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 1895 साली विनोबांचा जन्म झाला. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली आणि त्याच सभेत रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. शंकराचार्यांचा आधार घेऊन विनोबा दानाचा अर्थ सम्यक विभाजन, म्हणजे न्याय्य वाटणी, असा सांगत. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. वाटा मागणारा मुलगा भिकारी नसतो. आता हा सहावा हिस्सा आपल्या शहराच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. विनोबा मालकाकडे पाच हिस्से ठेवून सहावा मागत होते. इथे सगळे घेऊन आठवा परत केला गेला, तोही रक्त सांडल्यावर. विकसित भूखंडाला मोल आले, त्यातून अनेक घरे सावरली, हे खरे आहे. पण ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते त्या मिठागरातल्या मजुरांना आणि मासेमारांना या हिशेबात फार थोडी जागा मिळाली. खाडीला सातबारा नसतो.

खाडीचे देणे म्हणूनच सर्वांत थकलेले आहे. 2015 साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, पण जिताडा, चिंबोरी, निवटी यांच्यावर घर चालवणाऱ्या कोळ्याला वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या कामात भरपाई मिळावी म्हणून न्यायालयात जावे लागले आणि 2021 साली उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. पाण्याचेही तसेच. स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका म्हणून आपण अभिमानाने मोरबेचे नाव घेतो. ते धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे आणि त्याच्यासाठी उठलेल्या माणसांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. फेडीची चांगली उदाहरणेही याच शहरात आहेत. कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून ते कारखान्यांना दिले जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. कोणी याला अध्यात्म म्हणणार नाही. मी म्हणेन.

यावर पहिला आक्षेप असा की ही कामे कायद्याची आहेत, त्यात अध्यात्म कशाला? कायद्याचे मोल मला कमी करायचे नाही. 2005 आणि 2018 सालच्या उच्च न्यायालयाच्या आदेशांशिवाय आपली खारफुटी आज उरली नसती. पण रात्रीच्या अंधारात तिवरांत डेब्रिज ओतणाऱ्या डंपरला कायदा फार तर पकडतो. ते डेब्रिज ज्या घराच्या नूतनीकरणातून निघाले त्या घरमालकाला ते कुठे जाते हे विचारावेसे वाटणे, ही कायद्याबाहेरची गोष्ट आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: धर्मच प्रदूषण करतो, गर्दी जमवतो, माणसे मारतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यात 14 श्रीसदस्यांचा, म्हणजे श्री समर्थ बैठकीच्या अनुयायांचा, उष्माघाताने जीव गेला. झाडे लावणारी, विहिरी उपसणारी ती साधी माणसे होती. तिथे भक्ती कमी पडली नाही, सावली कमी पडली. श्रद्धा व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण श्रद्धा बदलत नाही हे मात्र खोटे आहे. गणपती कृत्रिम तलावात विसर्जित करणे आणि निर्माल्य वेगळे ठेवणे एका पिढीत आपल्या अंगवळणी पडले. तिसरा आक्षेप विनोबांवरचाच: भूदानातली कितीतरी जमीन नापीक निघाली, कितीतरी कधी वाटलीच गेली नाही. हेही खरे. चळवळीने मने जिंकली आणि खतावणी मात्र अर्धवट ठेवली. म्हणून ऋणाची भाषा बोलायची तर हिशेबासकट बोलली पाहिजे.

विकास थांबवा असे या लेखाचे म्हणणे नाही. गिरणगावातून आणि गावाकडून आलेल्या लाखो माणसांना या शहराने छप्पर आणि काम दिले, आणि नव्या विमानतळासाठी दहा गावे उठल्यावर हा विकास मागे फिरवता येणार नाही. मागणी हिशेबाची आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढते. हवा, पाणी, कचरा, आवाज यांची त्यात मोजदाद असते. त्यात देण्यांचे एक पान वाढवावे. त्यावर जमीन, पाणी आणि खाडी यांची खाती उघडावीत, सिडकोकडची माहिती मागवावी आणि दर दिवाळीआधी ते पान प्रसिद्ध करावे. सुरुवात जमिनीपासून व्हावी: 95 गावांतल्या कोणाकोणाचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड अजून बाकी आहे, त्याची नावनिशीवार यादी.