संक्रांत कोसळली, पण कोणावर?

१/ युरोपीय चित्रकारांनी काळाला विळा आणि वाळूचे घड्याळ हाती घेतलेल्या वृद्धाचे रूप दिले. मराठी पंचांगात काळाचा एक क्षण स्त्रीरूपाने येतो : संक्रांत. सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशाला दरवर्षी वाहन, वस्त्र, शस्त्र आणि दृष्टीची दिशा लाभते.

२/ पुराणकथेत ती संकरासुराचा वध करणारी देवी आहे. लोकसमजुतीत मात्र ती जे ल्याली ते महागते, जिकडे पाहते तिकडे अरिष्ट. म्हणूनच ठाण्याच्या नौपाड्यात तिळगूळ आणि हलव्याचे दागिने घेणाऱ्या घरांतही 'यंदा संक्रांत कशावर?' हा प्रश्न निघतो.

३/ अरिष्टासाठी 'संक्रांत कोसळणे' हा शब्दप्रयोग भाषेत रुळला. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आजही त्याच शब्दांत सांगितले जाते. परंतु संपातचलनामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती.

४/ पानिपतावर मराठी फौज उपाशी लढली. अब्दालीने दिल्लीची वाट रोखली होती; डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली.

५/ काळाला चेहरा देणे ही संस्कृतीची प्रतिभा. मात्र पराभवाचा दोष त्या चेहऱ्यावर ढकलला, की रसद, मैत्री आणि निर्णय यांची चौकशी थांबते. हलव्याचे दागिने जरूर ल्यावेत. पानिपताचा हिशेब माणसांकडेच मागावा.