डिकीतलं पिस्तूल आणि सायबाचं आवार

प्रश्न साधा आहे. अमेरिकेत एक माणूस टपालखात्यात कामाला आहे. रात्रपाळी. पत्रांच्या थप्प्या लावायच्या, थैल्या उचलायच्या. त्याच्याकडं पिस्तूल आहे, रीतसर घेतलेलं, राज्याचा परवाना खिशात. घर ते कचेरी हा रस्ता वाईट, वेळ त्याहून वाईट. पिस्तूल तो गाडीतल्या डॅशबोर्डच्या खणात ठेवतो, गाडी कामगारांच्या पार्किंगमध्ये लावतो, कुलूप घालतो आणि कामावर जातो. हत्यार गाडीत, चावी खिशात, माणूस आत टेबलापाशी. गुन्हा झाला का?

झाला. टपालखात्याचा नियमच तसा आहे. खात्याच्या जागेत बंदूक बाळगायची नाही, उघडी नाही की लपवून नाही, आणि साठवूनही ठेवायची नाही. जागा म्हणजे नुसती इमारत नव्हे. फाटकाच्या आतली फरशी, डांबर, गाडी उभी करायचा पिवळा पट्टा, सगळी जागा खात्याची. तीस दिवसांपर्यंत कैद, नाहीतर दंड.

च्यायला, हे कुठं? ज्या देशात २०१८ च्या एका अंदाजाप्रमाणं लोकांच्या घरात ३९ कोटींवर बंदुका आहेत, म्हणजे डोक्यांपेक्षा बंदुका जास्त, त्या देशात. जिथं १७९१ पासून संविधानात शस्त्र बाळगायचा हक्क लिहून ठेवलाय, त्या देशात. म्हणून हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. कायदा फाटकाशी कसा वागतो यावरून तो कुणाचा ते कळतं.

१९८८ चा त्यांचा केंद्रीय कायदा म्हणतो, केंद्र सरकारच्या मालकीची किंवा भाड्याची इमारत, जिथं सरकारी नोकर नेमानं कामाला बसतात, तिथं जाणूनबुजून बंदूक नेली तर एक वर्षापर्यंत कैद. कोर्ट असेल तर दोन वर्षं. आणि दाराशी ठळक पाटी लावलेली पाहिजे. पाटी नसेल आणि माणसाला ठाऊकही नसेल, तर या कलमाखाली शिक्षा नाही. शब्द आहे ‘इमारत’. पार्किंग म्हणजे इमारत नव्हे. म्हणजे या कायद्यापुरतं डिकीतलं पिस्तूल सुटलं. पण सुटलो म्हणून नाचू नये. टपालखात्याचा नियम वेगळा, लष्करी तळाचा वेगळा, माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळाचा वेगळा. राज्य सरकारची कचेरी असेल तर त्या त्या राज्याचा कायदा. गुन्हा नाही झाला तरी कामाच्या शिस्तीचा नियम आहेच, नोकरी जायला तेवढा पुरतो.

गंमत पुढं आहे. २००४ साली ओक्लाहोमानं, २००८ साली फ्लोरिडानं, आणि पुढं वीसेक राज्यांनी कायदे केले की कामगाराच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक असेल तर मालकानं त्याला अडवायचं नाही. अपवाद पुष्कळ ठेवले, पण मूळ सांगणं हे, की खाजगी कारखानदारानं आपल्या आवारात ‘नको’ म्हणायचं नाही. आणि केंद्र सरकार स्वतः मालक असलं की मात्र म्हणतं, आवार आमचं. सरकार मालक झालं की मालकासारखंच बोलतं.

कोर्टात हे भांडण वीस वर्षं चाललंय. लुईझियानातल्या एका टपाल कामगाराच्या गाडीत, कामगारांच्याच पार्किंगमध्ये, पिस्तूल सापडलं. २००९ मध्ये अपील कोर्टानं शिक्षा कायम केली. म्हणे त्या आवारात टपालाच्या गाड्या भरतात, ते कामाचंच ठिकाण आहे. शिवाय गाडी इथंच लाव अशी सक्ती त्याला कुणी केली होती? मग कोलोराडोतलं एव्हन गाव. तिथं घरपोच टपाल नाही, लोकांनी कचेरीत येऊन पत्रं न्यायची. एका परवानेवाल्या गिऱ्हाइकानं दावा लावला, आत नाही नेत, पण गाडीत तरी ठेवू द्या. खालच्या कोर्टानं २०१३ ला पार्किंगपुरतं त्याचं ऐकलं. वरच्यानं २०१५ ला उलटवलं, इमारत आणि पार्किंग एकच समजायचं म्हणाले. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हात लावला नाही. तिसरा वॉशिंग्टनचा. संसदेच्या इमारतीपासून हजारेक फुटांवर, संसदेच्या नोकरवर्गासाठी राखलेल्या पार्किंगमध्ये २०१३ साली एकानं बंदुका असलेली गाडी लावली. चोवीस दिवस तुरुंग. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१८ मध्ये अपिलाचा हक्क मिळवला आणि २०१९ मध्ये अपील हरला.

२०२२ नंतर वारं फिरलं. सर्वोच्च न्यायालयानं नवी कसोटी घातली की बंदुकीवरचं बंधन जुन्या परंपरेत बसतं का ते बघा. लगेच २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशानं टपाल कचेरीत पिस्तूल नेणाऱ्या कामगारावरचा तो आरोप काढून टाकला. २०२५ मध्ये टेक्सासच्या एका न्यायालयानं टपालाच्या बंदीविरुद्ध निकाल दिला, दावा लावणाऱ्यांपुरता. म्हणजे तोच कायदा, तेच डांबर, आणि न्यायाधीशागणिक निकाल वेगळा.

आता बंदी मुळातच वाईट आहे का? मी म्हणतो, नाही. २० ऑगस्ट १९८६ ला ओक्लाहोमातल्या एडमंडच्या टपाल कचेरीत तिथल्याच एका कामगारानं गोळ्या घालून चौदा सहकारी मारले. साहेबाच्या छळाला कंटाळून वगैरे कारणं मागाहून पुष्कळ काढली गेली. मेले ते पगारावर जगणारेच. ज्यांना वाटतं हत्यार हातात आलं की साहेबाची मस्ती उतरते, त्यांनी त्या चौदा जणांत साहेब किती होते ते शोधावं. राग डोक्यात आणि पिस्तूल पन्नास पावलांवर, ही कामाची जागा नव्हे.

पण माझं भांडण वेगळ्या जागी आहे. फाटकावर ज्याची डिकी उघडायला लावतात, तो कोण?

बघा. १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश टेनीनं ड्रेड स्कॉटच्या खटल्यात काळ्या माणसाला नागरिक मानायला नकार दिला. का, त्याची कारणं देताना हेही एक दिलं, की नागरिक मानलं तर हे जिथं जातील तिथं शस्त्र घेऊन जातील! गुलामगिरी गेली आणि १८६५ मध्येच मिसिसिपीनं कायदा केला, सुटलेल्या काळ्यांनी परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला. अहिंसेचा माणूस, तरी त्यानं पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला. दिला नाही. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो त्याला परवान्याची गरज नाही, तर मग कुणाला आहे बाबा?

आणि १९६७. ओकलंडच्या ब्लॅक पँथरांनी कायद्याची पुस्तकं वाचली. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं तेव्हा कायदेशीर होतं. ती घेऊन ते पोलिसांच्या गाडीमागं फिरायला लागले, काळ्या माणसाला अडवलं की कायद्यानं ठरलेल्या अंतरावर उभे राहून बघायला लागले. डॉन मलफर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं. २ मे १९६७ ला तीसेक पँथर सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले, कित्येकांच्या हातात बंदुका. जुलै संपायच्या आत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही केली. शहरात, सार्वजनिक जागी, अंगावर किंवा गाडीत, भरलेली बंदूक बंद. विधानभवनातही बंद. गाडी आणि सरकारी कचेरी, आपल्या विषयाचे दोन्ही शब्द त्या एका कायद्यात आले, आणि आले तेही काळ्या हातात हत्यार दिसल्यावर. तीन महिने पुरले.

आता ३० एप्रिल २०२० बघा. मिशिगनचं विधानभवन, लॅन्सिंग. कोरोनाच्या टाळेबंदीवर चिडलेले लोक, बहुतेक गोरे, रायफली गळ्यात अडकवून सरळ आत. सभागृहाच्या सज्जात उभे, खाली आमदार बसलेले, काही आमदारांनी अंगात गोळीरोधक जाकिटं घातलेली. ती पण सरकारी कामाची जागाच ना? तिथं टायपिस्ट होते, शिपाई होते, झाडूवाले होते. बंदूक घेऊन आत येणं कायदेशीर होतं, म्हणून ते आत आले आणि घरी गेले. तिथं उघड्या बंदुकीवर बंदी आली ११ जानेवारी २०२१ ला, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेवर जमाव चालून गेल्यावर पाच दिवसांनी. तीन महिने आणि आठ महिने. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा.

फिलँडो कॅस्टिल. हे नाव पोरांनी पाठ करावं. सेंट पॉलच्या सरकारी शाळेत जेवणघरावर देखरेखीला होता. सरकारी नोकर, काळा, परवानेवाला. ६ जुलै २०१६ ला संध्याकाळी पोलिसानं गाडी थांबवली. त्यानं शांतपणे, आदरानं सांगितलं की माझ्याजवळ हत्यार आहे. जेमतेम मिनिटभराचं बोलणं. पोलिसानं सात गोळ्या घातल्या. गाडीत मैत्रीण होती आणि तिची चार वर्षांची मुलगी. पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला. परवाना होता, कायदा बाजूनं होता, खरं बोलला होता. आणि बंदुकीच्या हक्कासाठी जन्मभर ओरडणारी ती बडी संघटना कित्येक तास गप्प, मग एक गुळमुळीत पत्रक, त्यात त्याचं नावसुद्धा नाही. आता सांगा, गाडीत बंदूक ठेवणं कायदेशीर आहे की नाही, याचं उत्तर पुस्तकात बघायचं की ड्रायव्हरच्या सीटवर?

माझं म्हणणं असं. फाटकावर हत्यार काढून घ्या, जरूर घ्या. पण सगळ्यांचं घ्या, पाटी लावून घ्या, आणि घेतलंत तर मग पुढची जबाबदारी तुमची. रात्री दोनला सुटणाऱ्या बाईच्या, हमालाच्या, सफाईवाल्याच्या घरापर्यंतच्या रस्त्याची. फाटकाशी हत्यार जमा करायची कुलूपबंद पेटी ठेवा, बस द्या, रस्त्यावर दिवा लावा. पार्किंगमधली बंदी म्हणजे नुसती पार्किंगपुरती बंदी नसते. गाडीत ठेवता येत नाही तो माणूस घरापासूनच रिकामा निघतो आणि रिकामा परततो. ही गोष्ट एकाही निकालात रुपयाच्या हिशोबात आली नाही. सायबाला त्याचं काय? त्याच्या घराभोवती दिवे आहेत.

आपल्याकडं काय? ज्यांचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या लोकांनी घेतलं, त्यांच्या बंदुकीचा फोटो आपल्या पोरांना फार आवडतो. त्यांच्या हातातलं कायद्याचं पुस्तक कुणी बघत नाही. आपल्या देशात शस्त्र हा हक्क नाही, १९५९ च्या कायद्याखाली सरकारनं दिलेला परवाना आहे. तो गावात कुणाच्या माडीवर खुंटीला टांगलेला असतो ते सांगायला नको. पण १९९५ ची अत्याचार प्रतिबंधाची नियमावली काढा, तिसरा नियम वाचा. जिथं अत्याचार होईल असं सरकारला वाटतं तो भाग ठरवायचा. गरज वाटली तर तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे परवाने रद्द करून हत्यारं सरकारी कोठारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटली तर दलित-आदिवासींना परवाने द्यायचे. हे सरकारी छापील आहे, कुणा माथेफिरूचं पत्रक नव्हे! नियम आला मार्च १९९५ मध्ये. १ डिसेंबर १९९७ ला बिहारच्या लक्ष्मणपूर-बाथेत रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं सव्वीसच्या सव्वीस आरोपी सोडले. तिथं ‘गरज वाटली’ नव्हती कुणाला.

मला परवाने वाटून हवेत असं नाही. चाळीत पिस्तूल आलं की पहिली गोळी भावकीच्या भांडणात सुटेल, ही माझी खात्री आहे. मला त्या नियमाचा पहिला अर्धा भाग हवाय, परवाने रद्द करण्याचा. तुमच्या जिल्ह्यात असे भाग ठरवलेत का? कोणती गावं? त्या गावांत परवाने कुणाकडं, आणि १९९५ पासून किती रद्द केले? माहितीच्या अधिकारात कलेक्टर कचेरीत अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच घ्यायला विसरू नका, टेबलावरचा माणूस ‘उद्या या’ म्हणेल.