कडी बाहेरून लावलेली

आमच्या मागच्या चाळीत एक बाई राहते. नवरा सोडून गेलेला, चार घरची धुणीभांडी. सकाळी निघताना पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा यांना खोलीत ठेवून ती बाहेरून कडी लावते. परवा दुपारी धाकटा रडून रडून बेजार झाला आणि आमच्या भिशीत विषय निघाला. ‘कसली आई ही! १०९८ ला फोन करा, मुलं तरी सुटतील,’ एक मैत्रीण म्हणाली. मला फोन करवेना आणि गप्पही बसवेना.

अशा वेळी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघावेत.

पहिला २००१ चा, ब्रिटनमधल्या चार भावंडांचा. त्यांच्या आबाळीची पहिली वर्दी समाजसेवा खात्याकडे १९८७ मध्येच गेली होती. घाणीने भरलेल्या खोल्या, मुलांना कोंडून ठेवणं, भुकेपोटी त्यांनी अन्न चोरणं, सगळं कळत होतं. बैठका होत राहिल्या, मुलं तिथेच राहिली. १९९२ मध्ये आईनेच ‘यांना न्या, नाहीतर मी मारहाण करीन’ असं सांगितलं, तेव्हा कुठे ती बाहेर पडली. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये मुलांचा दावा फेटाळला. युरोपीय न्यायालयाने मात्र ठणकावलं, की मुलांना अमानुष वागणुकीपासून वाचवण्यात सरकार कमी पडलं.

दुसरा २००६ चा, चेक प्रजासत्ताकातला. आईबापांची पाच मुलं सरकारने ताब्यात घेतली. कारण एकच, राहायला धड घर नाही. मुलांवरच्या त्यांच्या मायेबद्दल किंवा त्यांना वाढवण्याच्या कुवतीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. न्यायालय म्हणालं, अडचण घराची होती, तर घर मिळवायला मदत करायची. कुटुंब तोडणं हा त्यावर उपाय नव्हे.

म्हणजे एकदा सरकार फार उशिरा पोचलं, एकदा नको तितकं पुढे गेलं. तुम्ही म्हणाल, मग नेमकं करायचं काय? मला यातून एवढंच समजलं, की धोका किती आहे, यावरून किती लवकर धावायचं ते ठरतं आणि तो कशामुळे आहे, यावरून मदत कोणती करायची ते ठरतं. आई गरीब आहे म्हणून बंद खोलीतला स्टोव्ह कमी भाजत नाही. पण म्हणून गरीब आई निर्दय ठरत नाही.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो. मुलाची जागा शक्यतो कुटुंबात, संस्था हा शेवटचा उपाय. निर्णय बाल कल्याण समितीने घ्यायचा, भिशीने नाही. महाराष्ट्रात एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनाही आहे. पण ज्यांना तिची गरज, त्यांच्या कानावर ती जातच नाही.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, ‘ताई, पोरं नेणार का माझी?’ तिला वाटणारी भीती बघून मलाच लाज वाटली. आता मोठी अंगणवाडीत जाते, धाकट्याला शेजारच्या आजी सांभाळतात. आजींचे पैसे आम्ही भिशीवाल्या मिळून देतो. योजनेचा अर्जही भरलाय.

पण ‘कडी पुन्हा दिसली तर मी फोन करीन,’ हेही तिला सांगून ठेवलंय. ते सांगताना माझा आवाज कापला. तरी सांगितलं, कारण त्या खोलीत मी नव्हते, ती दोन मुलं होती.