परवान्यावरचा 78 पुसा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी बंधू-भगिनींनो,

ज्यांनी इथे ऑटोमॅटिक गाडीवर ड्रायव्हिंगची परीक्षा दिली, त्यांनी आपल्या लायसन्सचं कार्ड उलटं करून पाहावं. मागच्या तक्त्यात, मोटारीच्या ‘बी’ वर्गासमोर, 78 हा आकडा छापलेला असेल. क्लच असलेली गाडी चालवायला तुम्हाला मनाई आहे, एवढाच त्याचा अर्थ. ताम्हिणी आणि आंबा घाट गिअरच्या गाडीने वर्षानुवर्षं चढला-उतरलेला माणूसही त्यातून सुटत नाही. तो आकडा तिथे असण्याचं कारण आता उरलेलं नाही, आणि तो काढून घेण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून आवाज उठवला पाहिजे, यासाठी हे पत्रक.

आपल्यातले इतके लोक ऑटोमॅटिककडे का वळतात ते आधी पाहू. भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त बारा महिने चालतं. ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका इथल्या परवान्याच्या बदल्यात ब्रिटिश परवाना मिळतो. भारताच्या परवान्याला ती सवलत नाही. त्यामुळे वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही शिकाऊ परवान्यापासून श्रीगणेशा करावा लागतो. संगणकावरच्या परीक्षेचे 23 पौंड, रस्त्यावरच्या परीक्षेचे 62, आणि शिकवणीचे तासाला पडतील ते वेगळे. परीक्षेची तारीख कित्येक केंद्रांवर पाच-सहा महिने पुढची मिळते. बारा महिने असे कधी सरतात कळत नाही. अशा वेळी हाताशी असलेला शिक्षक ऑटोमॅटिक गाडीवर शिकवतो, आणि कंपनी पगारातून कापून इलेक्ट्रिक गाडी लीजवर द्यायला तयार असते. मग माणूस म्हणतो, पुढे चालवायची तर हीच, परीक्षाही हिच्यावरच देऊ. यात त्याचं काहीही चुकत नाही. आजच्या इलेक्ट्रिक मोटारीला क्लचचं पेडलच नसतं, आणि कायद्याच्या दृष्टीने क्लचचं पेडल नसलेली गाडी म्हणजे ऑटोमॅटिक.

ऑटोमॅटिकची परीक्षा सोपी असते, असंही आपल्यात सर्रास बोललं जातं. सरकारी आकडे उलट सांगतात. तिथे उत्तीर्णांचं प्रमाण गिअरच्या गाडीपेक्षा कमी आहे. आरशात पाहणं, राउंडअबाउट, पादचारी, मार्गिका बदलणं या सगळ्याची तपासणी दोन्हीकडे तीच आणि तेवढीच कडक असते.

आता सरकार काय म्हणतं ते बघा. 2024 मध्ये कंपन्यांनी विकलेल्या नव्या मोटारींपैकी 22 टक्के प्रदूषणमुक्त असाव्यात असं बंधन घातलं, आणि 2030 पर्यंत ते 80 टक्क्यांवर न्यायचं आहे. फक्त पेट्रोलवर किंवा फक्त डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री 2030 मध्ये बंद होणार आहे. 2024 सालीच इथे विकल्या गेलेल्या दर पाच नव्या मोटारींमागे जवळपास एक इलेक्ट्रिक होती. कंपनीकडून इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला करात मोठी सूट आहे: 2025-26 साली गाडीच्या छापील किमतीच्या केवळ 3 टक्के रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते, तर जास्त धूर सोडणाऱ्या पेट्रोल गाडीला हाच आकडा 37 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे देशाचं धोरण, कर आणि बाजार लोकांना बिनक्लचच्या गाडीकडे ढकलत आहेत, आणि त्याच गाडीवर परीक्षा दिली की तेच सरकार अर्धा परवाना हातात ठेवतं.

हा अर्धा परवाना खरा बोचतो तो लीज संपल्यावर, किंवा लीज मध्येच तुटल्यावर. आपल्यातल्या अनेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि पगारातून कापली जाणारी गाडीही त्याच नोकरीला. नोकरी गेली की गाडी परत करायची. स्वतःच्या नावावर लीज घेतली असेल तर गोष्ट आणखी कठीण. हप्त्याने विकत घेतलेली गाडी एकूण रकमेच्या अर्धे पैसे भरून परत करण्याचा हक्क 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने दिला आहे, पण तो हायर पर्चेसला. निव्वळ भाड्याच्या लीजला तो लागू होत नाही. तिथे करारात जे लिहिलं असेल तेच चालतं, आणि अनेक करारांत उरलेल्या भाड्याचा अर्धा किंवा त्याहून मोठा भाग दंड म्हणून मागतात. महिना 300 पौंडांची तीन वर्षांची लीज बाराव्या महिन्यात मोडली, तर उरलेलं भाडं 7,200 पौंड. त्याचे निम्मे म्हटले तरी 3,600. नोकरी गेलेल्या घराला ही रक्कम कुठून आणायची?

एवढं भरून झाल्यावर त्या घराला दोन-तीन हजारांत एखादी जुनी गाडी हवी असते. त्या किमतीत मिळतात त्या बहुतेक गिअरच्या, आणि परवान्यावर तर 78. नवी नोकरी मिळते, तिथली व्हॅन गिअरची. रुग्णांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या आपल्या भगिनींचा विचार तर कुणी केलेलाच नाही. किमान वेतनाच्या खाली पगार जाईल अशी कपात कायद्याने करता येत नाही, त्यामुळे पगारातून इलेक्ट्रिक गाडी घेण्याची वाट त्यांना बंद असते. स्वस्त जुनी गाडी हाच त्यांचा आधार, आणि नेमकी तीच त्यांच्या परवान्यात बसत नाही. या आकड्याची झळ कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात जास्त लागते.

अडीनडीला कुणी मित्राची गिअरची गाडी काढलीच, तर परवान्याबाहेर गाडी चालवल्याचे तीन ते सहा गुण. त्यावर विमा लागू नाही असं ठरलं, तर सहा ते आठ. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा गुण झाले की परवाना रद्द होतो आणि दोन्ही परीक्षा पुन्हा. म्हणून कळकळीची विनंती: कितीही निकड असली तरी 78 असताना क्लचच्या गाडीला हात लावू नका. गिअर शिकायचा तर एल पाटी लावून, आणि शेजारी असा माणूस घेऊन, ज्याच्याकडे गिअरच्या गाडीचा पूर्ण परवाना किमान तीन वर्षं आहे. नवरा-बायको दोघांच्याही परवान्यावर 78 असेल, तर एकमेकांना शिकवताही येत नाही.

सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, असं उत्तर मिळेल. ज्याने क्लच कधी दाबलाच नाही, त्याला चढावर गाडी उभी करून पुन्हा काढायला सांगणं धोक्याचं आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यासाठी शिकवणी पुरते. संपूर्ण परीक्षा पुन्हा कशाला? आणि सुरक्षिततेची एवढी काळजी असेल, तर उलट्या बाजूला ती कुठे जाते? जुन्या छोट्या गिअरच्या गाडीवर पास झालेला तरुण दुसऱ्या दिवशी दोन टनांची, पाय ठेवताच झेपावणारी इलेक्ट्रिक गाडी घेऊन मोटरवेवर जाऊ शकतो. त्याला एका तासाचंही प्रशिक्षण सक्तीचं नाही.

सरकारला गरज वाटते तेव्हा हाच कायदा वाकतो. साध्या ‘बी’ परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. इलेक्ट्रिक व्हॅनची बॅटरी जड म्हणून ती मर्यादा सव्वाचार टन केली. त्यासाठी असलेली पाच तासांच्या प्रशिक्षणाची अटही 10 जून 2025 पासून काढून टाकली. गिअरच्या मोटारीचा परवाना असलेल्याने ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली, तर त्याला गिअरचा ट्रक चालवायची मुभा मिळते. माल वाहणाऱ्या कंपन्यांची अडचण सरकारला दिसली. आपली अजून दिसलेली नाही, कारण आपण ती कधी एकत्र येऊन मांडलीच नाही.

जर्मनीने हा प्रश्न 1 एप्रिल 2021 पासून सोडवला आहे. तिथे उमेदवार ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देतो, गिअरच्या गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा तास घेतो, ड्रायव्हिंग स्कूलच त्याची किमान पंधरा मिनिटांची चाचणी घेतं, आणि परवाना कोणत्याही बंधनाशिवाय मिळतो. फ्रान्समध्ये सात तासांचं प्रशिक्षण घेतलं की बंधन उठतं, दुसरी परीक्षा नाही. जे पॅरिस आणि म्युनिकच्या रस्त्यांवर चालतं, ते हाउन्स्लो आणि मिल्टन कीन्समध्ये न चालण्याचं काय कारण?

आमची मागणी अशी: ऑटोमॅटिकवर पास झालेल्याने मान्यताप्राप्त शिक्षकाकडे गिअरच्या गाडीचे ठरावीक तास पूर्ण केले की त्या शिक्षकाच्या प्रमाणपत्राच्या आधारे परवान्यावरचा 78 काढून टाकावा. भारतात मोटारीच्या परवान्यात गिअर आणि बिनगिअर असा भेद नाही (तो दुचाकीला आहे) आणि आपल्यापैकी बहुतेक जण गिअरच्या गाडीवरच शिकले. त्या अनुभवाचा विचार करून त्यांना तास कमी ठेवावेत. यामुळे परीक्षा केंद्रांवरची रांगही कमी होईल, कारण आज गिअरसाठी दुसऱ्यांदा परीक्षा देणाराही त्याच रांगेत उभा असतो.

नियम बदलेपर्यंत, ज्यांची परीक्षा अजून व्हायची आहे आणि ज्यांना क्लचचा सराव आहे, त्यांनी थोडं थांबावं लागलं तरी गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्यावी. लीजवर सही करण्याआधी मुदतीपूर्वी करार मोडण्याचं कलम शोधून वाचा, आणि पगारातून गाडी घेत असाल तर नोकरी सुटल्यास दंड कोण भरणार हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि आपल्या खासदाराला पत्र लिहा. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून गप्प बसू नका. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीयाला ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. मतदार यादीत नाव नसेल तर आधी ते घाला. पत्रात आपला पत्ता आणि पोस्टकोड जरूर लिहा, कारण खासदार सहसा आपल्याच मतदारसंघातल्या पत्रांना उत्तर देतात. तुमचं काम कुठे अडलं, किती पैसे गेले, कुठली नोकरी सोडावी लागली, हे स्वतःच्या शब्दांत मांडा.

आपले,
ब्रिटनमधले काही मराठी वाहनचालक