भगिनीमंडळाच्या उंबरठ्यावर

महाविद्यालयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थिनीला विषय कोणते घ्यावेत, ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा, यासंबंधी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मैत्रिणींच्या मंडळात प्रवेश कसा करावा, आणि मुळात करावा की नाही, याविषयी मात्र कोणी गांभीर्याने बोलत नाही. हा विषय क्षुल्लक समजला जातो. वस्तुतः घर सोडून वसतिगृहात आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीपुढे पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठा प्रश्न उभा असतो तो हाच, की येथे आपल्याला आपले कोण म्हणणार? त्या एका शब्दासाठी ती आपली बोली, आपला स्वभाव, प्रसंगी आपला स्वाभिमानही देऊन टाकते. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

अमेरिकेतील विद्यापीठांत या प्रश्नाला रीतसर संस्थेचे रूप आलेले आहे. १८५१ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन येथे, मुलींच्या वेस्लियन महाविद्यालयात, ॲडेल्फियन नावाचे एक मंडळ निघाले. १८७० मध्ये इंडियाना राज्यात कॅप्पा अल्फा थीटा हे ग्रीक आद्याक्षरांचे मंडळ स्थापन झाले. लॅटिनमधील ‘बहीण’ या अर्थाच्या शब्दावरून ‘सोरोरिटी’ ही संज्ञा सिराक्यूज येथे १८८२ मध्ये रूढ झाली. मुलग्यांच्या महाविद्यालयांत तेव्हा मुली मोजक्याच होत्या आणि त्यांचे स्वागत होत असे असे नाही. एकमेकींचा आधार हा या मंडळांचा मूळ हेतू होता. पुढे मंडळे वाढली, त्यांची स्वतंत्र निवासस्थाने झाली, १९०२ मध्ये त्यांची संयुक्त परिषद स्थापन झाली आणि प्रवेशाचा एक विधी सिद्ध झाला. नव्या विद्यार्थिनीने घराघरांतून फिरावे, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे संभाषण करावे, नंतर तिने मंडळांना आणि मंडळांनी तिला क्रमवारीत बसवावे, फेरीगणिक नावे गळत जावीत आणि अखेरच्या दिवशी कोणाच्या हाती निमंत्रणपत्र पडावे, कोणाच्या नाही, असा तो क्रम आहे. एकाकी मुलींनी आसऱ्यासाठी बांधलेल्या घराच्या दाराशीच पुढे परीक्षक येऊन बसले.

तंजावरला ग्रीक अक्षरांची मंडळे नाहीत. पण उंबरठा आहेच. कावेरीच्या त्रिभुजप्रदेशातील खेड्यांतून येथील महाविद्यालयांत येणाऱ्या मुलींचे गट वसतिगृहाच्या खोलीवरून, गावावरून, जातीवरून, भाषेवरून आणि इंग्रजीच्या सफाईवरून पडतात. अमेरिकेत निवडीचे नियम निदान छापलेले असतात. येथे ते कोणी सांगत नाही. कोणाच्या ताटाशेजारी कोण बसते, कोणाला सहलीचा दिवस कळवला जातो आणि कोणाला नाही, यांतून ते नव्या मुलीला उमगतात. न लिहिलेला नियम अधिक कठोर असतो, कारण त्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

या बाबतीत मराठी समाजाने अमेरिकेकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. हळदीकुंकू हा आपल्या स्त्रियांचा केवढा जिव्हाळ्याचा मेळावा. पण त्याच्या दारातून विधवेला पिढ्यान्‌पिढ्या परत जावे लागले. ज्या घरात ती मुलगी म्हणून वाढली त्याच घरातील समारंभात ती अपशकुनी ठरली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले आणि १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. हे कार्य, एका अर्थाने, हळदीकुंकवाच्या दारातून परत फिरलेल्यांसाठी होते. तिकडे अमेरिकेतही हेच घडले. गौरवर्णीय मंडळांची दारे ज्यांना बंद होती त्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅप्पा अल्फा हे स्वतःचे मंडळ काढले. १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठात भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतील मुलींनी कॅप्पा फाय गॅमा स्थापन केले. निवड न होणे हा शेवट असतोच असे नाही, एवढे या उदाहरणांवरून दिसते.

भगिनीभावाची कसोटी कोणती, याचे उत्तर मात्र तंजावरला दगडावर कोरलेले आहे. बृहदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात राजराज चोळाने आपण दिलेल्या दानांबरोबर आपल्या थोरल्या बहिणीने दिलेली दाने, राण्यांनी दिलेली दाने आणि इतरांनी दिलेली दाने दगडावर कोरावीत, अशी आज्ञा केल्याची नोंद आहे. या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या लेखात राजाच्या लगोलग उल्लेख येतो तो बहिणीचा. ती बहीण म्हणजे कुंदवै. तिची ओळख तेथे तिला कोणी पसंत केले यावरून नसून तिने काय दिले यावरून आहे. तंजावरच्या शासकीय महिला कला महाविद्यालयाला याच कुंदवै नाच्चियारचे नाव आहे. त्या महाविद्यालयात शिकणारी प्रत्येक विद्यार्थिनी एका थोरल्या बहिणीच्या नावाखाली शिकते, हे तिला कोणी आवर्जून सांगितले पाहिजे.

त्याच मंदिरात एक मराठी शिलालेखही आहे. सरफोजी दुसरा याने १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा तो विस्तृत इतिहास. एकीकडे कोणी काय दिले याची यादी, दुसरीकडे कोण कोणाचा वंशज याची. दोन्ही यादींना इतिहासात स्थान आहे. परंतु महाविद्यालयीन मंडळे बहुधा दुसऱ्या यादीच्या वळणावर जातात. तू कुठली, कोणाची, कोणासारखी, एवढेच ती विचारतात. नव्या मुलीने त्यांना पहिल्या यादीचा प्रश्न विचारावा. तुमच्यापैकी कोणी कोणाला काय दिले? आजारी मैत्रिणीजवळ रात्री कोण बसले? नापास झालेलीला पुन्हा अभ्यासाला कोणी बसवले? हे प्रश्न तोंडाने विचारण्याची गरज नाही. महिनाभर डोळे उघडे ठेवले तरी उत्तर मिळते.

सरफोजीच्याच काळातील छत्रांची व्यवस्था येथे लक्षात घेण्यासारखी आहे. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी राजघराण्याने वाटेवर छत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र, अशी त्यांतील अनेकांना स्त्रियांची नावे आहेत. कंपनी सरकारने या छत्रांना हात लावू नये म्हणून १८०१ मध्ये सरफोजीने रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणत्याही वाटसरूला येथे भात मिळतो, शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा मिळतो, परक्यांची पोरकी मुले शिक्षकाच्या स्वाधीन करून त्यांना जेवण, औषध आणि विद्या दिली जाते, असे त्याने त्यात नमूद केले. पंक्तिभेद त्या काळाला सुटलेला नव्हता, आणि छत्र म्हणजे समतेचे राज्य असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही दारात आलेल्याला प्रथम ‘जेवलास का’ असे विचारणारी संस्था आणि प्रथम ‘तू कोण’ असे विचारणारी संस्था यांत मूलभूत अंतर आहे. ओरत्तनाडूच्या छत्राला जिचे नाव आहे ती मुक्तांबा पट्टराणी नव्हती, सरफोजीची उपपत्नी होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

याला एक आक्षेप संभवतो. मैत्री म्हणजेच निवड. सर्वांशी सारखी मैत्री कोणालाच करता येत नाही. मग मंडळाने निवड केली तर बिघडले कोठे? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. दोन व्यक्ती सहवासातून जवळ येतात तेव्हा तिसरीला कोणी नापास करत नाही. मंडळ जेव्हा ओळीने उभ्या केलेल्या मुलींना दहा मिनिटांच्या संभाषणावरून किंवा अंगावरच्या कपड्यांवरून गुण देते, तेव्हा ते मैत्री करत नसते. ते प्रतिष्ठेचे वाटप करत असते. मैत्रीला वेळ लागतो. घाईने मिळालेला मंडळप्रवेश घाईनेच काढून घेतला जातो.

आता प्रत्यक्ष सल्ला. पहिल्या महिन्यात कोणत्याही मंडळाला कायमचा शब्द देऊ नये. गैरहजर असलेल्या मुलीविषयी मंडळी काय बोलतात ते ऐकावे. उद्या आपण गैरहजर असू तेव्हा तेच बोलणे होणार. सर्वांनी एकसारखी साडी घ्यायची, वर्गणी काढायची, वाढदिवस हॉटेलात करायचा, असा बेत असेल तर खर्चाचा आकडा आधी विचारावा. तो विचारल्याने जिथे मान कमी होतो तिथे पुढे प्रत्येक महिन्याला कमी होणार आहे. आणि जेथे प्रवेशासाठी गुप्त ‘परीक्षा’ द्यावी लागते, अपमान सोसून दाखवावा लागतो, तेथून तत्काळ मागे फिरावे. यात भीतीचे किंवा अरसिकतेचे काही नाही. तंजावरपासून फार दूर नसलेल्या चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात १९९६ मध्ये वसतिगृहातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा छळातून खून झाला आणि त्यानंतर १९९७ मध्ये तमिळनाडूने रॅगिंगविरोधी कायदा केला. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम देशभर लागू झाले. मात्र कायद्याला तक्रार लागते, आणि ‘आपल्याच ताईंविरुद्ध’ तक्रार करायला मुलगी धजत नाही. जी ताई छळते ती ताई नव्हे, हे नात्याचे साधे व्याकरण तिला घरूनच शिकवलेले असावे.

तंजावरच्या मराठी घरांतील मुलीसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. तिची बोली सुमारे साडेतीनशे वर्षे तमिळच्या सहवासात वाढली. ती घरात बोलली जाते, लिहिली क्वचितच जाते. शाळेची भाषा तमिळ किंवा इंग्रजी. महाविद्यालयात गेल्यावर ही मुलगी दोन्हीकडून अडते: तमिळ मैत्रिणींत तिची घरची भाषा परकी ठरते आणि पुण्या-मुंबईची मराठी विद्यार्थिनी भेटली तर ती हिच्या मराठीला हसते. अशा वेळी फोनवर आईशी हळू आवाजात बोलणे, मग न बोलणे, मग विसरणे, हा क्रम ठरलेला असतो. कोणत्याही मंडळाची वर्गणी एवढी महाग असू नये.

तिला आधार तिच्याच गावच्या वाङ्मयात आहे. शहाजीराजाने, ज्याची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी आहे, ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले. त्यात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश येथील राजकन्या कृष्णावर अनुरक्त होऊन येतात. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते आणि कृष्ण संस्कृतात. कथावस्तू निवडीचीच आहे, पण रंगमंचावर येण्यासाठी कोणा राजकन्येला आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागत नाही. तंजावरच्या प्रेक्षकाने पाच भाषा एका प्रयोगात ऐकून घेतल्या. आजच्या वसतिगृहातील एका खोलीला दोन भाषा ऐकून घेणे अवघड जाऊ नये.

येथे भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांचीही जबाबदारी येते. मराठी नाटकाचा आरंभ सांगलीच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’पासून सांगण्याची रीत दीर्घकाळ चालली, त्याच्या कितीतरी आधीची तंजावरची मराठी नाटके प्रस्तावनेत किंवा तळटिपेत राहिली. त्यांची भाषा मिश्र, त्यांचे रूप दाक्षिणात्य, म्हणून ती आपल्या मंडळात बसेनात. ज्या अभ्यासाने तंजावरच्या नाटकाला उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याने तंजावरच्या मुलीला ‘आपली भाषा लपवू नकोस’ असे सांगितले तर तिने ते का मानावे? अभ्यासक्रमात या नाटकांना स्थान मिळणे हा तिला दिलेला सल्लाच आहे, आणि तो शब्दांपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

शेवटी, जिची निवड होते तिलाही सल्ल्याची गरज असते. कदाचित अधिक असते. वर्षभरात ती दाराच्या आतल्या बाजूला उभी राहते आणि नव्या मुलींची तुकडी बाहेर येते. बाहेर असताना जे बोचले होते ते आत आल्यावर फार लवकर विसरते. रॅगिंगची परंपरा या विस्मरणावरच जगते. त्या दिवशी तिने इतकेच करावे: जी मुलगी भिंतीला टेकून उभी आहे, जिच्याशी कोणी बोलत नाही, तिच्याजवळ जाऊन जेवण झाले का असे विचारावे, आणि ती ज्या भाषेत उत्तर देईल ते नीट ऐकावे.